फळ्यावर मावेल एवढी ओळ

गेल्या महिन्यात एका सकाळी मेथी निवडत बसले होते, तेव्हा गुरवांचा फोन आला. गुरव म्हणजे लालबागच्या एका चाळीतल्या गणपती मंडळाचे कार्यवाह. त्यांचा फोन एरवी यायचा तो श्रावणात, आणि तोही मला नव्हे, नंदूला. त्यामुळे स्क्रीनवर त्यांचं नाव दिसल्याबरोबर काय ते समजले. “नंदू गेला, पहाटे, झोपेतच,” ते म्हणाले, आणि जरा थांबून त्यांनी जोडलं, “दादांचा निरोप आहे. इरा बंगळुरूहून निघालीय, ती येईपर्यंत थांबायचं ठरवलंय. तुम्ही पण धावतपळत येऊ नका, सावकाश या.” नंदू जाणार हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. रक्ताच्या आजाराने त्याला वर्षभरात पार पोखरून टाकलं होतं, आणि शेवटी शेवटी तर तो स्वतःच “अजून किती लांबवायचा हा तिसरा अंक” असं म्हणायला लागला होता. म्हणून निरोपाचा पहिला भाग मी बऱ्यापैकी निमूटपणे ऐकून घेतला. दुसऱ्या भागाला मात्र रडू आवरेना. थोरल्या भावाने धाकट्याला नेण्याआधी त्याच्या मुलीची वाट पाहावी, यात रडण्यासारखं काय आहे असं कोणालाही वाटेल. ते कळायचं तर नंदकुमार राऊळ या माझ्या मित्राची गोष्ट सुरुवातीपासून सांगावी लागेल. तो असता तर म्हणाला असता, सुरुवातीपासून नको, एका वाक्यात सांग. पण या एका बाबतीत आज मी त्याचं ऐकणार नाही.

नंदू पटकथा लिहायचा. मालिका लिहिल्या, काही सिनेमे लिहिले, त्यातले एकदोन चांगले चालले, बाकीचे त्याच्या शब्दांत ‘चालत चालत घरी गेले’. पण या धंद्यातल्या लोकांना तो माहीत होता तो ओळीसाठी. इंग्रजीत तिला लॉगलाइन म्हणतात, नंदू नुसतं ओळ म्हणायचा. पटकथा शंभर पानांची असो की दीडशे, तिच्या आधी एक वाक्य जातं. निर्माता ते वाक्य वाचतो आणि पुढचं वाचायचं की नाही ते ठरवतो. कुणाची गोष्ट आहे, त्याला काय हवंय, आणि ते मिळण्याच्या आड काय येतंय, एवढं त्या वाक्यात असावं लागतं. ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं. मी गिरगावातल्या शाळेत वर्षानुवर्षं दहावीला मराठी शिकवलेली बाई, सारांशलेखन म्हणजे माझ्या हातचा मळ. निवृत्तीनंतर पटकथेचं वेड लागलं आणि दादरला एका शाळेच्या हॉलमध्ये दर रविवारी नंदू जो वर्ग घ्यायचा, तिथे मी जाऊन बसले. वयाने तो माझ्याएवढाच. पहिल्याच दिवशी मी माझी गोष्ट सांगायला उठले, की गिरगावात एक सोशिक, सुगरण, सोज्ज्वळ अशी बाई राहत असते... मी सांगतेय, सांगतेय, तिच्या माहेरापर्यंत पोचलेय, आणि हा गृहस्थ खिडकीतून बाहेर बघत शांतपणे म्हणाला, “बाई, रांग चाललीय.”

माझा असा काही पाणउतारा आजवर कोणी केला नव्हता. मुलं हसली म्हणून तर अंगाचा आणखीनच तिळपापड झाला. वर्ग सुटल्यावर मी जाब विचारायला गेले, तर त्याने मला कोपऱ्यावरच्या हॉटेलात नेऊन पियूष पाजलं आणि रांगेचा अर्थ सांगितला. नंदू लालबागच्या चाळीत वाढला. मूळ गाव कुडाळकडे, वडील गिरणीत. चाळीच्या गणपतीपुढे दरवर्षी हलता देखावा असायचा. देखावा बघायला येणाऱ्यांची रांग, आणि रांगेच्या तोंडाशी कार्यकर्ते सारखे ओरडत असायचे, चला, पुढे चला. माणूस देखाव्यासमोर उभा राहतो तो दोन श्वास, फार तर तीन. तेवढ्यात त्याला गोष्ट कळली पाहिजे. म्हणून देखाव्याच्या आधी, चाळीच्या दाराशी, दोन खांबांच्या मध्ये एक फळा लावायचे आणि त्यावर एक वाक्य असायचं. कॉलेजात असल्यापासून ते वाक्य नंदू रचायचा आणि त्याचा थोरला भाऊ ते रंगवायचा. हे सुरेशदादा परळला एका पेंटरकडे दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांचं म्हणणं असं, की रांगेच्या शेपटाला उभ्या असलेल्या आजीबाईंना चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे, म्हणजे अक्षर एवढं मोठं हवंच. आणि फळा दोन खांबांमध्ये बसेल एवढाच. मग नंदूने वाक्य लिहून आणलं की दादा त्याकडे बघायचे आणि म्हणायचे, मावत नाही. कुठला शब्द काढायचा ते सांगायचे नाहीत. ते तुझं काम, म्हणायचे. “माझी फिल्म इन्स्टिट्यूट ती,” नंदू म्हणाला. मी रागवायला आले होते हे तोवर विसरून गेले होते.

त्या बाईची ओळ आम्ही पुढे कितीतरी दिवस घासली. सोशिक गेलं, सोज्ज्वळ गेलं. विशेषणं तू ठरवायची नाहीस, बघणारा ठरवेल, असं नंदूचं सांगणं. मग तो विचारायचा, तिला हवंय काय? मी म्हणायची, सुख. तो कपाळाला हात लावायचा, म्हणायचा, सुख दाखव बघू मला पडद्यावर, कुठल्या रंगाचं असतं ते. शेवटी जी ओळ हाती लागली ती अशी: फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या बाईच्या जिभेची चव गेलीय, पण दिवाळी होईपर्यंत हे कोणालाही कळता कामा नये. ही ओळ आम्ही एका निर्मातीला फोनवर ऐकवली तेव्हा ती म्हणाली, “मग?” नंदूने फोन ठेवून मला टाळी दिली. कारण ‘छान’ म्हणणारा माणूस तुम्हाला जिन्यापर्यंत सोडायला निघालेला असतो, आणि ‘मग?’ म्हणणारा बसायला खुर्ची देतो, असा त्याचा हिशेब होता. त्या ओळीवर आमची पहिली टेलिफिल्म झाली, आणि तेव्हापासून मी त्याची सहलेखिका झाले. वर्गातली मुलं मात्र मला शेवटपर्यंत ‘रांगवाल्या बाई’च म्हणत राहिली.

त्याची शिकवण्याची तऱ्हा सांगायची तर एक प्रसंग पुरे. एका मुलाने वाचलं: एका निवृत्त हवालदाराची संघर्षमय आणि हृदयस्पर्शी कहाणी. नंदूने विचारलं, त्याला काय हवंय. मुलगा बराच वेळ छताकडे बघून म्हणाला, त्याला मुलीच्या लग्नात गणवेश घालून उभं राहायचंय. मग घालू दे की, नंदू म्हणाला, कोण अडवतंय. मुलगा म्हणाला, मुलगीच अडवतेय. आणि मग तो आपोआप पुढचं बोलला, की त्याच गणवेशात असताना हवालदाराने एकदा तिच्या होणाऱ्या सासऱ्याला पकडलं होतं. नंदूने फक्त खडू त्याच्या हातात दिला. संघर्षमय आणि हृदयस्पर्शी हे दोन्ही शब्द न लिहिताही तिथे उतरले होते.

दुसऱ्यांच्या गोष्टींत असा अचूक शिरणारा हा माणूस स्वतःच्या गोष्टीपाशी मात्र वर्षानुवर्षं अडून राहिला. आम्ही दोघांनी मिळून एक पटकथा लिहिली होती, दोन भावांची. लालबागच्या एकाच खोलीत राहतात, आई गेल्यापासून एकमेकांशी बोलत नाहीत. ही कोणाची गोष्ट ते उघडच होतं. नंदू खरं तर लग्नानंतर दादरला राहायला आलेला, पण अबोला तोच. त्याची आई वारली तेव्हा तो एका मालिकेच्या चित्रीकरणासाठी साताऱ्याला होता. निरोप मिळाला तसा निघाला, घाटात गाडी अडकली, आणि तो लालबागला पोचला तेव्हा जमीन पुसून झाली होती, पिठावर दिवा लावलेला होता. आईला नेऊन माणसं परतलीही होती. त्याने दादांना विचारलं, थांबला का नाहीस. दादा म्हणाले, माणसं खोळंबली होती. त्यावर नंदू जे बोलला ते त्याने मला एकदाच सांगितलं, तेही दुसरीकडे बघत. तो म्हणाला होता, “तुला रांग पुढे ढकलायची सवयच आहे.” त्या दिवसापासून दोघांचं बोलणं संपलं. राहिला फक्त फळा. दर श्रावणात गुरव दादरला यायचे, नंदू ओळ सांगायचा, गुरव ती लालबागला न्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी निरोप आणायचे, “दादा म्हणतात, मावत नाही.” नंदू एक शब्द काढायचा. पुन्हा गुरव. पुढे मोबाइल आले, तेव्हा गुरव ओळ फोनवर ध्वनिमुद्रित करून न्यायला लागले, म्हणजे वाटेत शब्द सांडायला नकोत. इतक्या वर्षांत दोन सख्ख्या भावांमध्ये झालेलं संभाषण म्हणायचं तर एवढंच. नंदूची बायको शैला म्हणायची, या दोघांना मंडळाने पगार द्यायला हवा, यांच्या भांडणाने एक देखावा चुकला नाही.

तर त्या पटकथेची ओळ. पहिली होती: एकाच खोलीत राहणाऱ्या दोन भावांचं आईच्या मृत्यूनंतर बोलणं बंद होतं. ही ओळ नव्हे, ही बातमी, असं मी त्याचंच वाक्य त्याला ऐकवलं. मग झाली: आईचं अंत्यदर्शन हुकलेल्या धाकट्या भावाला थोरल्याकडून माफी हवीय, पण थोरला तोंड उघडत नाही. ही आम्ही बऱ्याच जणांना ऐकवली. सगळे म्हणाले, छान. काहींनी तर डोळेही पुसले आणि मग जिन्यापर्यंत सोडायला आले. नंदू शब्द बदलत राहिला. माफीऐवजी उत्तर, अंत्यदर्शनाऐवजी निरोप, काय काय करून पाहिलं. एके दिवशी माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी म्हटलं, “नंदू, शब्द चुकत नाहीयेत, माणूस चुकतोय. तू नायक धाकट्याला केलायस. धाकट्याने काय केलं? तो उशिरा पोचला. ज्याने वाट पाहिली नाही, आणि जे आता बदलता येत नाही, ते ज्याच्या उरावर बसलंय, गोष्ट त्याची आहे. ही दादांची गोष्ट आहे.”

नंदू उठला. चहाचा कप उचलून आत ठेवून आला आणि मी निघेपर्यंत वर्तमानपत्र वाचत बसला. नंतर कित्येक आठवडे त्याने माझा फोन घेतला नाही. शैला मला म्हणाली, घ्या, आता तुमच्याशीही गुरवांमार्फतच बोलणार बहुतेक. मी हसले, पण मनातून टरकले होते. राऊळांचा अबोला किती लांबतो ते मला माहीत होतं. मग दिवाळीत फराळाचा डबा घेऊन तो स्वतःच गिरगावात आला, चकली मोडून म्हणाला, चव गेलेल्या बाईंनी केल्यासारखी झालीय, आणि आमचं बोलणं सुरू झालं. पटकथेचा विषय मात्र त्याने काढला नाही, मीही नाही.

गेल्या वर्षी आजार कळला. परळच्या रुग्णालयात उपचार सुरू झाले. तिथून लालबाग हाकेच्या अंतरावर, टॅक्सी तिथवर आली की तो डोळे मिटून घ्यायचा, असं शैला सांगायची. त्याच श्रावणातल्या एका दुपारी मी दादरला गेले तर तो उशीला टेकून बसला होता, आवाज अगदी खोल गेलेला. म्हणाला, “ऐक. माणूस बदललाय.” त्याच वेळी दार उघडं बघून गुरव आत आले. यंदाची ओळ न्यायला आले होते. एका कानाला मंडपवाल्याचा फोन, आणि दुसऱ्या हाताने त्यांनी सवयीप्रमाणे आपला दुसरा फोन नंदूच्या तोंडापुढे धरला. नंदूने माझ्याकडे बघत ओळ म्हटली.

“धाकट्याची वाट न पाहता आईला अग्नी देणाऱ्या थोरल्या भावाला आता त्याच्याशी बोलायचंय, पण पहिला शब्द सापडत नाही.”

गुरवांनी मान हलवली, झकास म्हणाले, आणि मंडपवाल्याशी तावातावाने बोलतच जिना उतरले. ते काय घेऊन निघालेत हे माझ्या ध्यानात यायला एक क्षण लागला. मी उठले, त्यांना हाक मारणार, तर नंदूने हाताने खूण केली, बस. मी त्याच्याकडे बघत राहिले. तो खिडकीकडे बघत होता. त्याने ते आधीपासून ठरवलं होतं की त्या क्षणी सुचलं, हे मी त्याला कधी विचारलं नाही... विचारायला हवं होतं असं आता कधी कधी वाटतं. एवढं मात्र सांगते, की ती ओळ ऐकून माझ्या तोंडून पहिला शब्द आला तो ‘मग?’

दुसऱ्या दिवशी दादांचा निरोप आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. गुरवांना विचारलं तर ते म्हणाले, दादांनी ओळ ऐकली, पुन्हा लावायला सांगितली, आणि फोन परत देऊन आत गेले. नंदू जेवेना. शैलाने माझ्यावरच डोळे वटारले, की तुमच्या नायक बदलण्याच्या नादात हे झालं. आणि तिचं चूक तरी कसं म्हणू? इतकी वर्षं टिकलेला तो एक धागा, फळ्याचा, तोही तुटला की काय असं मलाही वाटत होतं. नंदूकडे आता दुसरा श्रावण नव्हता.

रविवारी सकाळी मी तिथेच होते. बेल वाजली, शैलाने दार उघडलं, आणि दारात सुरेशदादा. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते, पण ओळख करून द्यायची गरज पडली नाही, तेच नाक, तेच कान. नखांत पांढरा रंग. चपला काढून ते आत आले, पलंगापाशी उभे राहिले, बसले नाहीत. धाकट्याची झालेली दशा त्यांनी पायापासून डोक्यापर्यंत एकदा बघून घेतली. मग म्हणाले, “मावणा नाय.”

“काय काढू?” नंदूने विचारलं.

आजवर दादांनी हे कधी सांगितलं नव्हतं. ते तुझं काम, एवढंच म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी सांगितलं.

“‘आता’ काढ,” दादा म्हणाले. “आता नाय काय... पयल्यापासून.”

मी स्वयंपाकघरात निघून गेले. शैला आधीच तिथे होती, पदराने तोंड दाबून. आम्ही दोघी चहाचं आधण उगाच उकळत ठेवून उभ्या राहिलो. बाहेरून काही ऐकू येत नव्हतं. बऱ्याच वेळाने दादांचा नेहमीचा, कामाचा आवाज आला, “ता झाला. मंडळाची ओळ खंय?” मी चहा घेऊन गेले तेव्हा ते पलंगावर बसले होते आणि नंदूचा हात त्यांच्या हातात होता. यंदा देखाव्याला कोकणातलं बंद घर ठरतंय असं त्यांनी सांगितलं. नंदूने डोळे मिटून थोडा विचार केला आणि म्हणाला: वर्षभर बंद असलेलं घर विचारतंय, यंदा किती दिवस राहणार? दादांनी ती ओळ ओठांतल्या ओठांत दोनदा म्हटली. मावेल, म्हणाले. एकही शब्द न काढता मंजूर झालेली नंदूची ती पहिली आणि शेवटची ओळ.

त्यानंतर दादा रोज संध्याकाळी लालबागहून दादरला यायचे. फार बोलायचे नाहीत. कधी नंदूची दाढी करायचे, कधी नुसते बसायचे. नंदू मला म्हणाला, आपल्या सिनेमात शेवटी दोघं खूप बोलतात बघ, ते सगळं काढून टाक. मी काढलं. पटकथा आता त्या नव्या ओळीसकट एका तरुण दिग्दर्शिकेकडे आहे, बघू काय होतं ते. आणि मग गेल्या महिन्यातली ती सकाळ. मी दादरला पोचले तेव्हा इमारतीच्या खाली माणसं जमली होती. ऊन चढत होतं. कोणी घड्याळ दाखवत होतं, कोणी विमान उशिरा आहे म्हणत होतं, कोणी वडीलकीच्या नात्याने सुचवत होतं की माणसं खोळंबलीत. दादा जिन्याच्या तोंडाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. ते एवढंच म्हणाले, “इरा येईपर्यंत कोणी हलवायचं नाय.” इरा दुपार कलल्यावर आली. तोवर ते त्या खुर्चीवरून उठले नाहीत.

परवा दादांनी मला लालबागला बोलावलं. यंदापासून ओळ तुम्ही द्यायची, असं मंडळाने परस्पर ठरवूनही टाकलं होतं. आमच्या गिरगावात गणपती कमी आहेत का, असं म्हणायचं तोंडावर आलं होतं, पण गेले. फळा किती मोठा असतो ते एकदा डोळ्यांनी बघा म्हणून त्यांनी मंडळाच्या खोलीत नेलं. भिंतीला टेकवलेला फळा त्यांनी दोन्ही हातांनी धरून फिरवला, तेव्हा त्याची मागची बाजू माझ्यासमोर आली. तिथे खडूने, मोठ्या देखण्या अक्षरांत, नंदूची ओळ होती. दोन भावांची. मधल्या ‘आता’वरून बोट फिरवलेलं होतं, तेवढी जागा पुसट. दादरला येण्याआधी त्यांनी ती मांडून पाहिली होती तर. मी ओळ डावीकडून उजवीकडे वाचत गेले, आणि शेवटच्या शब्दानंतर चांगली वीतभर जागा कोरी राहिलेली दिसली. पुसलेला शब्द होता तेव्हाही ती तेवढीच असणार.

“दादा, ही तर मावत होती,” मी म्हटलं.

“होय,” ते म्हणाले. फळ्याच्या कडेची धूळ त्यांनी अंगठ्याने पुसली. “जायला कायतरी कारण नको?”

मग त्यांनी फळा पुन्हा फिरवला. मागची बाजू पुसली नाही. खिशातून खडू काढून काळ्या कोऱ्या बाजूपुढे उभे राहिले आणि म्हणाले, “हां, बोला. यंदाची.” मी येताना टॅक्सीत ओळ घोकून आणली होती, विशेषणं सगळी काढून. पण पहिलाच शब्द सापडेना. दादांनी वळून माझ्याकडे बघितलं, खडू खाली घेतला, आणि ते थांबले.